रक्तातील शर्करा-साखळ्या आणि कर्करोगाची चाहूल

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



महाड-पोलादपूरकडच्या गावांत दवाखान्याचा कागद आला की तो पुष्कळदा शिक्षकाच्या हाती येतो, कारण कागद इंग्रजीत असतो. "सर, यात काय लिहिलंय बघा ना," म्हणून पालक समोर बसतात. मी बी. ए., बी. एड. झालेला माणूस, निदान करणे माझे काम नव्हे. परंतु अलीकडे या कागदांवर एएफपी, सीए-१२५, सीए-१९-९ अशी नावे दिसतात, आकडा ठळक छापलेला असला की घरात रडारड सुरू होते, आणि आकडा चांगला असला की दुखणे अंगावर काढले जाते. दोन्ही गोष्टी घातक आहेत. म्हणून हा विषय घेतला.

साखर म्हटली की आपल्याला मधुमेह आठवतो. ही साखर निराळी. आपल्या रक्तातील बहुतेक प्रथिनांना शरीर स्वतःच शर्करांच्या लहान साखळ्या जोडते. मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्युकोज अशी त्या मण्यांची नावे. कोणता मणी कोठे बसवायचा हे पेशीतील एन्झाइमे ठरवितात. चहात साखर किती घातली यावर ते ठरत नाही.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या ओळखपत्रावर रक्तगट लिहिलेला असतो. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली हे गट जगापुढे मांडले. ए आणि बी यांतील फरक एवढाच, की तांबड्या पेशीवरील साखळीच्या टोकाला कोणती शर्करा आहे. ओ गटात टोकाचा तो मणीच नसतो. आता गंमत पाहा. आपल्याकडे घरोघर कुळथाची पिठी होते. त्याच कुळथाच्या दाण्यात लेक्टिन जातीचे एक प्रथिन असते, ते ए गटाचा मणी नेमका ओळखून पेशींना एकमेकींना चिकटविते. रक्तपेढीत ए-१ आणि ए-२ हे पोटगट त्याच्याच साहाय्याने वेगळे करतात.

पेशी कर्करोगाच्या मार्गाला लागली की साखळ्या ओवण्याचे हे काम बिघडते. कोठे साखळी आखूड राहते, कोठे तिला जादा फांद्या फुटतात, कोठे नको तेथे फ्युकोज लागतो. अशी काही प्रथिने रक्तात उतरतात आणि ती ओळखण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञ करतात. फणसाच्या आठळीतील जॅकलिन हे प्रथिन कर्कपेशींवर उघड्या पडणाऱ्या अशाच एका आखूड साखळीला धरते. त्याची रचना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९६ मध्ये उलगडून दाखविली. (आठळ्या खाऊन कर्करोग बरा होतो असा अर्थ मात्र कोणी काढू नये.)

सर्वांत चांगले उदाहरण यकृताच्या कर्करोगाचे. त्यात एएफपी हे प्रथिन रक्तात वाढते. पण ते साध्या काविळीच्या जुनाट आजारातही वाढते. मग फरक कसा करावा? कर्कपेशीतून आलेल्या एएफपीच्या साखळीला बुडाशी एक फ्युकोज जास्त असतो, आणि मसुरातील लेक्टिन नेमके तेवढेच धरते. एकूण एएफपीपैकी असा भाग शंभरात दहाहून अधिक निघाला, तर डॉक्टर सावध होतात. जपानमध्ये ही तपासणी रुळली. अमेरिकेने तिला २००५ मध्ये मान्यता दिली. म्हणजे प्रथिन किती आहे याबरोबरच त्याच्या अंगावरचा मणी कोणता, हे पाहावे लागते.

आता मर्यादा. सीए-१९-९ ही स्वतःच एक शर्करा-साखळी आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात ती वाढते, तशीच पित्ताची वाट अडली तरी वाढते. शिवाय शंभरात सुमारे पाच ते दहा माणसांचे शरीर ही साखळी जन्मतःच बनवीत नाही. त्यांचा आकडा रोग असूनही चांगलाच दिसेल. सीए-१२५ बीजांडाच्या कर्करोगात वाढते. पण पोटाच्या क्षयात, मासिक पाळीत, गरोदरपणातही वाढू शकते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर या तपासणीची परीक्षा झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की धडधाकट स्त्रियांची अशी चाळणी करून मृत्यू कमी झाले नाहीत. रोगाचे निदान झाल्यावर औषध लागू पडते का, रोग उलटतो का, हे पाहण्यास हे आकडे फार उपयोगी आहेत. निरोगी माणसाने 'पॅकेज' म्हणून ते करून घेण्यात पैसा जातो आणि झोपही जाते.

याउलट मुंबईचे उदाहरण ऐका. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्टीतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक प्रयोग केला. दहावी झालेल्या बायकांना चार आठवडे शिकवून त्यांच्याकडून गर्भाशयमुखाची तपासणी करविली. साधन होते व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल. लागण झालेला भाग पांढरा दिसतो. या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आयाबहिणींनो, लाजेपोटी ही तपासणी टाळू नका. स्त्री डॉक्टर मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

तोंडाच्या कर्करोगासाठी तर भरवशाची रक्ततपासणी आज नाही. मिश्री, तंबाखू, गुटखा यांची सवय असलेल्याने आरशासमोर तोंड उघडून पाहावे. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा तांबडा चट्टा, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, यांपैकी काही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे.

विज्ञान शाखेला जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी एक माहिती. टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये परळहून खारघरला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आली. कर्कपेशींवरील फांद्या फुटलेल्या साखळ्या त्या पेशींना फुप्फुसात रुजण्यास कशी मदत करतात, याचा अभ्यास तेथील संशोधकांनी उंदरांवर केला आहे. त्या कामाला जीवरसायनशास्त्र लागते, आणि त्याची वाट बारावीच्या रसायनशास्त्रातून जाते.