शीड आणि सिद्धता
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



जळगाव-धुळ्याच्या श्रोत्यांपुढे समुद्राविषयी बोलणे कित्येकांस विसंगत वाटेल. खानदेशास किनारा नाही. तथापि आपल्या तापीचे पाणी सुरतेजवळ समुद्रासच मिळते, आणि ज्या पावसावर आपली कपाशी उभी राहते तो पाऊसही समुद्राकडूनच येतो. समुद्राशी आपला संबंध जुना आहे. नाही तो परिचय.

हा परिचय का नाही, याचे एक कारण आपल्या इतिहासात आहे. समुद्रयात्रा कलियुगात वर्ज्य, असे मानणाऱ्या अनेक ज्ञाती होत्या. परदेशी जाऊन आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, नाहीतर पंगतीत त्याचे पान मांडले जात नसे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांना लाटांच्या आधी लोकापवादाला तोंड द्यावे लागले. तो निर्बंध आज नाही. परंतु त्याच्या मागे उभी असलेली भीती अद्याप अनेक घरांतून नांदते, आणि तिच्याविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

१९ ऑगस्ट २००९ रोजी भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एका शीडनौकेतून एकटेच निघाले. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि आफ्रिकेतील केपटाऊन ही चार बंदरे करून १९ मे २०१० रोजी ते मुंबईस परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. या मोहिमेची कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. नौका बांधली गोव्यातील दिवाड बेटावर, रत्नाकर दांडेकर यांनी. नौकेची लांबी ५६ फूट, आणि नाव गोव्याच्या नदीवरून ‘म्हादेई’.

या कथेत लोक साहस पाहतात. मला मात्र तीत सिद्धता अधिक दिसते. २००६ साली दोंदे यांनी हे कार्य अंगावर घेतले. प्रत्यक्ष प्रस्थान तीन वर्षांनी झाले. मधल्या काळात ते इंग्लंडमध्ये सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याजवळ शिकले. १९६८-६९ साली कोठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी ते हेच. आणि त्यांची ‘सुहैली’ ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. पुढे दोंदे यांनी म्हादेई बांधली जात असता तिचा प्रत्येक भाग समजून घेतला आणि मॉरिशसहून ती एकट्याने परत आणून पाहिली. भर समुद्रात सुतार, वीजतंत्री, स्वयंपाकी आणि वैद्य या सर्वांची कामे एकाच माणसाला करावी लागतात.

आता हवेविषयी. विषुववृत्ताजवळ वारा पडतो. शिडे लोंबकळतात, नौका दिवसचे दिवस रेंगाळते, आणि मध्येच काळा ढग येऊन वादळी सर कोसळते. त्याच्या दक्षिणेस व्यापारी वारे मिळतात. ते बरेचसे भरवशाचे. चाळीस अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली मात्र पश्चिमेचे प्रचंड वारे वाहतात, आणि त्यांतून कमी दाबाची आवर्ते एकामागून एक पूर्वेकडे सरकत असतात. आवर्त जवळ येऊ लागले की वायुभारमापकाचा पारा उतरतो आणि वारा वायव्येकडून वाढत जातो. पुढे तो एकाएकी नैर्ऋत्येस फिरतो. तेव्हा जुन्या लाटा एका दिशेच्या आणि नव्या दुसऱ्या दिशेच्या होतात. त्या एकमेकींवर आदळतात, आणि नौका उलटण्याचा खरा धोका तेथे असतो.

म्हणून जाणता खलाशी वारा अंगावर येण्याची वाट पाहत नाही. पारा उतरताना दिसला की तो शीड आखडून घेतो, सुटे सामान बांधतो, कमरेचा पट्टा नौकेस अडकवतो, पोटात काही गरम घालतो आणि मिळेल तेवढी झोप घेऊन ठेवतो. वारा त्याच्या हाती नसतो, शीड असते. केळीच्या बागेभोवती शेवरीची दाट रांग लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास हे तत्त्व निराळे सांगावयास नको. वावटळ सुटल्यावर शेवरी लावता येत नाही.

सिद्धता असली म्हणजे संकट येतच नाही, असे मात्र नाही. दोंदे यांच्या मोहिमेत किनाऱ्यावरील साह्य सांभाळणारे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ साली कोठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पुरी केली. हेच टॉमी सप्टेंबर २०१८ मध्ये एका जागतिक शर्यतीत असता दक्षिण हिंदी महासागरातील वादळात सापडले. डोलकाठ्या मोडल्या, पाठीस जबर इजा झाली, आणि फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. त्याच शर्यतीच्या पुढील खेपेस ते पुन्हा उतरले आणि २०२३ साली दुसरे आले.

भगिनींनो, आता आपल्याकरिता. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलातील सहा स्त्रिया ‘तारिणी’तून गोव्याहून निघाल्या. त्यांना शिकविणारे होते दोंदेच, आणि तारिणीही दांडेकरांनीच बांधलेली. परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडली, तेव्हा मॉरिशसला थांबून दुरुस्ती करून २१ मे २०१८ रोजी त्या गोव्यास पोहोचल्या. पुढे लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघीच त्याच तारिणीतून २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परतल्या.

यातून आपण काय घ्यावे? प्रत्येक मुलाने दर्यावर्दी व्हावे असे माझे म्हणणे नाही. परंतु एखाद्या मुलाने वा मुलीने घरी नौदलाचे किंवा व्यापारी जहाजाचे नाव काढले, तर ‘आपल्यात कोणी गेले नाही’ हे उत्तर आपण देऊ नये. मूल अपरिचित वाटेने निघते, तेव्हा आईबापांच्या काळजाचे पाणी होते. ती काळजी खोटी नव्हे. पण तिने मुलाची वाट अडवावी, की त्याची सिद्धता वाढवावी, हे आपल्या हाती आहे. त्याला पोहणे शिकवावे, गणित पक्के करून घ्यावे, स्वतःचे काम स्वतः करण्याची सवय लावावी. आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्तीत वैद्यकी आणि अभियांत्रिकीच्या शेजारी सागरी शिक्षणासही स्थान मिळावे, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे.

वारा कोणाच्या ज्ञातीचा नसतो. ज्याने शीड वेळेवर आखडले त्याला तो पार नेतो.