मुद्गल आणि मनगट



मुद्गल म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो तालमीतला पहिलवान. त्यामुळे हा व्यायाम खांद्यांचा, आणि तोही मल्लांचाच, असा समज रूढ झाला. वास्तविक मुद्गलाची खरी परीक्षा होते ती मनगटात.

याचे कारण त्याच्या घडणीत आहे. डंबेलचे वजन मुठीच्या दोन्ही अंगांना सारखे विभागलेले असते. मुद्गलाची मूठ बारीक आणि पोट जाड. सारा भार हातापासून दूर. म्हणून दोन किलोचे मुद्गल आडवे धरले, तर तेवढ्याच वजनाच्या डंबेलहून कितीतरी जड भासते. डोक्यामागून फिरताना ते हातातून निसटू पाहते आणि बोटांना पकड आवळावी लागते. बोटे आवळणारे व मनगट वळवणारे प्रमुख स्नायू मनगटात नसतातच. ते कोपराखाली, प्रकोष्ठात असतात. मनगटातून जातात त्या त्यांच्या कंडरा.

नवशिके चुकतात ते येथेच. स्नायू लवकर बळावतात, कंडरांना वेळ लागतो. पहिल्याच आठवड्यात जड जोडी उचलली की मनगट दुखते, आणि दोष मात्र मुद्गलाला! एक किलोपासून आरंभ करण्यात कसला आला कमीपणा? शेजारचा काय उचलतो आहे, हा विचार चपलांबरोबर तालमीबाहेर ठेवावा. एकच मुद्गल घ्यावे. करंगळी मुठीच्या गाठीला टेकवून ते उभे धरावे, सावकाश पुढे झुकवावे आणि केवळ मनगटाच्या बळावर पुन्हा उभे करावे. प्रत्येक हाताने दहा वेळा पुरे. जड वाटल्यास मूठ पोटाच्या दिशेने थोडी वर धरावी. भार तत्काळ हलका होतो. हे साधले की मग खांद्यावरून पाठीमागचे फेर. आधी फेर वाढवावेत, वजन नंतर.

हिंदुस्थानातील इंग्रज सैनिकांनी हा व्यायाम येथे पाहिला आणि मायदेशी नेला. १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये सिम केहो यांनी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तर मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली. १९३२ साली लॉस एंजेलिसला चारच स्पर्धक उतरले: तीन अमेरिकेचे, एक मेक्सिकोचा. ज्या भूमीतून मुद्गल गेले, तेथला एकही नाही.

हा विषय केवळ तरुणांचा नव्हे. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या हाताची पकड मोजून केलेला अभ्यास २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पकड जितकी क्षीण, तितका अकाली मृत्यूचा धोका अधिक, असे त्यात आढळले. अर्थात पकड हे एकूण प्रकृतीचे लक्षण. केवळ मनगट कमावून आयुष्य वाढते, असा त्याचा अर्थ नव्हे. पण बरणीचे झाकण, पाण्याची बादली, जिन्याचा कठडा यांच्याशी घरातील आजी-आजोबांची रोजच गाठ पडते. त्यांच्यासाठी अर्ध्या किलोचे लाकडी मुद्गलही पुरते.

माळ्यावर जुनी जोडी पडली असेल तर ती अवश्य खाली काढावी. मात्र फिरवण्यापूर्वी लाकडाला चीर गेलेली नाही ना, मूठ हलत नाही ना, हे पाहावे; आणि मुले जवळ नसताना, मोकळ्या अंगणातच पहिला फेर घ्यावा.