बॅकअप आहे, पण रिस्टोअर करून बघितलाय का?

आज इंटरव्ह्यू टिप्स नाहीत, पॅकेजची चर्चा नाही. आज मी डेटाबेस सांभाळायला कशी शिकले, ते सांगते.

बीटेकला डीबीएमएसमध्ये मला चांगले मार्क होते. नॉर्मलायझेशन तोंडपाठ. आणि नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका शुक्रवारी संध्याकाळी, मी प्रॉडक्शनवर अपडेट चालवला. 'व्हेअर' न लिहिता.

एकाच ग्राहकाचा पत्ता बदलायचा होता. एंटर दाबलं आणि स्क्रीनवर आलं 'अपडेट', पुढे पाच आकडी संख्या. तिथे १ यायला हवा होता ना! पोटात गोळाच आला. सगळ्या ग्राहकांचा पत्ता एकच झाला होता.

सीनियरला सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बॅकअप आहे ना? तो रिस्टोअर करून बघितलाय का कधी कोणी?"

कोणीच बोलेना. रोज रात्री पीजी-डंप चालायचा, फाइल बनायची, सगळे निवांत. त्या रात्री ती फाइल पहिल्यांदा नव्या सर्व्हरवर टाकली, तर एररचा पाऊस. रोल नाही, रोल नाही, रोल नाही. कारण पीजी-डंप एका डेटाबेसपुरता असतो. युजर, म्हणजे पोस्टग्रेसच्या भाषेत रोल, त्यात येतच नाहीत. ते पीजी-डंप-ऑलने वेगळे घ्यावे लागतात. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. वाचतो कोण?

पहाटे पत्ते परत आले. पण त्या दिवशी लोकांनी बदललेले पत्ते गेले ते गेलेच. सोमवारी सपोर्टची मुलं एकेकाला फोन करत बसली, आणि मला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

हे फक्त लहान टीममध्ये होतं असं नाही हां. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या इंजिनिअरने रात्री उशिरा रेप्लिकेशन दुरुस्त करताना चुकून मुख्य सर्व्हरचंच डेटा फोल्डर उडवलं. सुमारे ३०० जीबी. बॅकअप बघायला गेले तर रोजचा पीजी-डंप फेल होत होता, कारण डंपचं टूल ९.२ चं आणि डेटाबेस ९.६ चा. फेल झाल्याचे ईमेलही पोचत नव्हते! नशीब, कोणीतरी सहा तासांपूर्वी टेस्टिंगसाठी हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता. तरी सहा तासांचा डेटा गेलाच. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीरपणे लिहिलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

मग मी काय केलं? लॅपटॉपवर डॉकरमध्ये पोस्टग्रेस टाकला. जनरेट-सिरीजने दहा लाख खोट्या ऑर्डर भरल्या. आणि दर शनिवारी सकाळी चहा घेऊन तो डेटाबेस मोडायला बसायचे.

सगळ्यात जास्त शिकवलं ते पॉइंट-इन-टाइम रिकव्हरीने. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी 'वॉल' नावाच्या लॉगमध्ये लिहितो. एक बेस बॅकअप आणि त्यानंतरच्या वॉलच्या फाइल जपून ठेवल्या, की डेटाबेस हव्या त्या मिनिटापर्यंत मागे नेता येतो. ऐकायला सोपं. मी १०:४२ ला टेबल ड्रॉप केलं आणि १०:४१ ला परत जायला निघाले. पहिल्या वेळी जमलंच नाही. वॉलची फाइल १६ एमबीची असते, ती भरल्याशिवाय आर्काइव्हला जात नाही, आणि माझे शेवटचे बदल अर्धवट भरलेल्या फाइलमध्येच होते. दुसऱ्या वेळी टेबल दिसलं, मी खूश, पण एक ओळ लिहू देईना! टार्गेट वेळ आली की तो थांबून तुम्हाला तपासू देतो. बरोबर असेल तर 'रिझ्यूम' म्हणावं लागतं. हे मला प्रॉडक्शनवर रात्री दोनला कळलं असतं तर? नको तो विचार.

आता माझा हात आपोआप आधी 'बिगिन' लिहितो. मग अपडेट, मग आकडा बघायचा, मग कमिट किंवा रोलबॅक. आणि महिन्यातून एकदा आम्ही खरा बॅकअप रिकाम्या मशीनवर उतरवतो, घड्याळ लावून. मागच्या वेळी ५० मिनिटं लागली, त्यातली वीस पासवर्ड शोधण्यात.

पुढच्या भागात रेप्लिकेशन. तोवर आपल्या लॅपटॉपवर एखादं टेबल उडवून बघा, आणि अडलात तर व्हॉइस नोट पाठवा. लॅपटॉपवर म्हटलंय हां, ऑफिसच्या सर्व्हरवर नाही!