पावसाळा, शाळा आणि संसार



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपल्या कोळीवाड्यांतील एका चिंतेकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों. आपल्या वसईच्या किनाऱ्यावर जून महिन्यांत शाळा उघडतात, आणि त्याच महिन्यांत होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. जून व जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस सरकारी बंदी असते. फी, गणवेष व पुस्तकें यांचा खर्च दारांत उभा राहतो, तेव्हां घरांत मिळकत नसते.

ज्यास ठरलेला पगार मिळतो, तो थोडक्यांतही वर्षाचा बेत आंखूं शकतो. ज्याचें जाळें आज भरतें व उद्यां रितें येतें, त्यास तसें करतां येत नाहीं. मग व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम उचलावयाची आणि हंगाम सुरू होतांच तो सांगेल त्या भावानें मासळी द्यावयाची, असा क्रम चालतो. कर्ज फिटत नाहीं, तेव्हां बापाची दृष्टि थोरल्या मुलाकडे वळते.

२००९ सालच्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. परंतु चौदावें वर्ष सरतें न सरतें तोंच मुलगा दोर ओढण्याजोगा होतो, व खलाशाची मजुरी त्यास बोलावूं लागते. आई मासळी घेऊन बाजारांत जाते, म्हणून धाकट्यांस सांभाळावयास मुलगी घरीं राहते. अशा आईबापांस विद्येची किंमत कळत नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होय. मजुरी आज संध्याकाळीं हातांत पडते; विद्येचें फळ कित्येक वर्षांनीं येतें, आणि रिकाम्या घरास तितका धीर नसतो.

यास्तव नुसता उपदेश पुरेसा नाहीं. वसईच्या कॅथलिकांनीं १९१८ सालीं सहकारी पतसंस्था स्थापिली. तिचीच पुढें बँक झाली. एकट्यास न पेलणारा भार सर्वांनीं वांटून घ्यावा, हा धडा वडीलधाऱ्यांनींच घालून दिला आहे. त्यास अनुसरून माझ्या तीन विनंत्या आहेत. ऑगस्टपासून मेपर्यंत प्रत्येक फेरीमागें थोडी रक्कम शाळेच्या नांवें बाजूस ठेवावी. शाळाचालकांनीं कोळी कुटुंबांची फी होड्या पुन्हां समुद्रांत गेल्यावर हप्त्यांनीं घ्यावी. आणि मुलगा असो वा मुलगी, लेंकराचें नांव शाळेंतून काढण्यापूर्वीं आईबापांनीं एकदां मजकडे यावें. संकोच धरूं नये.

समुद्र कोणाच्या आज्ञेंत नाहीं. त्याच्या लहरीचा भार आपल्या मुलांनीं वाहूं नये, एवढें मात्र आपण मिळून करूं शकतों.