घातांक जागेवर हवा



आपले खंडाळा ज्या सातारा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात, सातारा शहरी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव इंग्रजी शाळेत दाखल झाले. त्या वारशाची मुले आपण टाईप केलेल्या सराव प्रश्नपत्रिका सोडवतात. म्हणून चिन्हे सांभाळा.

१० चा वर्ग १००. पण घातांक २ ओळीतच राहिला, तर १०२ छापले जाते आणि अभ्यासू मूलही चुकते. वर्डमध्ये तो २ निवडून कंट्रोल, शिफ्ट व बरोबरचे चिन्ह एकत्र दाबा. तो वर चढेल. अपूर्णांक, वर्गमूळ यांसाठी ऑल्ट व बरोबरचे चिन्ह दाबा. समीकरणाची चौकट उघडेल. युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये चिन्हाऐवजी भलतेच अक्षर उमटू शकते. छापलेला कागद ताडून पाहा.

आपल्या आळसाचे गुण मुलांचे जाऊ नयेत. जयभीम! नमो बुद्धाय!