परळी : तीन पाळ्यांचं गाव

मी परळीचा म्हटलं की समोरचा माणूस दोनपैकी एक प्रश्न हमखास विचारतो. वयस्कर असला तर, ‘‘वैद्यनाथाचं दर्शन आता गर्दीत होतं का हो?’’ आणि नोकरदार असला तर, ‘‘थर्मल चालू आहे का बंद?’’ आमच्याकडे औष्णिक विद्युत केंद्र असं कुणी म्हणत नाही. थर्मल म्हणायचं. ‘‘पोरगा थर्मलला आहे’’ एवढ्या तीन शब्दांवर एके काळी बीड जिल्ह्यात सोयरिकी जमत. या दोन प्रश्नांत आमच्या गावाचा बराचसा इतिहास येतो.

वैद्यनाथ अर्थातच आधीचा. डोंगरावरच्या या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्यादेवी होळकरांनी केला. गाभाऱ्यात जाऊन पिंडीला हात लावून दर्शन घ्यायची इथली परंपरा. संत जगमित्र नागाही परळीचेच. त्यामुळे महाशिवरात्रीच्या यात्रेइतकीच एकादशीच्या भजनालाही गावात गर्दी. पुढे निजामाच्या राज्यात रेल्वे आली. परभणीकडून येणारा आणि विकाराबादकडून येणारा असे दोन्ही मार्ग इथं मिळाले नि परळी जंक्शन झालं. जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बीडला प्रवासी गाडी पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. म्हणजे तालुक्याच्या गावाला आगगाडीची शिट्टी ऐकू आल्यावर जिल्ह्याच्या गावानं कित्येक दशकं वाट पाहिली!

थर्मलचा पाया या रुळांवरच आहे. परळीच्या जमिनीत कोळसा नाही. तो रेल्वेनंच आणावा लागतो. १९७१ साली ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला, पुढच्याच वर्षी तेवढाच दुसरा. मग १९८०, १९८५ आणि १९८७ मध्ये प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच आले. पाच संचांनी आमचं गाव बदलून टाकलं.

बदललं म्हणजे काय, तर गावाला पाळ्या लागल्या. त्याआधीचं गाव पावसावर, मोंढ्यावर आणि देवळातल्या आरतीवर चालणारं. आता पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी सुरू झाली. चहाची टपरी पहाटे उघडू लागली. वडील रात्रपाळीचे असले की दुपारी घरातली मुलं कुजबुजत खेळायची, हे आमच्या पिढीच्या अंगवळणी पडलं होतं. कॉलनीत विदर्भातले, खानदेशातले, कोकणातले लोक राहायला आले. शेजारच्या वऱ्हाडी काकूंनी आमच्या आईला झुणका वेगळ्या तऱ्हेनं शिकवला, आईनं त्यांना धपाटे शिकवले. गणपतीची आणि आंबेडकर जयंतीची वर्गणी मागायला तीच पोरं दारी येत. नोकरीनं माणसं एकत्र आणली, सणांनी त्यांना गावकरी केलं.

पण कारखान्याचा हिशेब भावनेवर चालत नाही. तो जरा मांडून पाहू. एक युनिट वीज करायला साधारण पाऊण किलो कोळसा लागतो. आपल्या देशी कोळशात तीस ते चाळीस टक्के राख. आज परळीत २००७, २०१० आणि २०१६ साली आलेले प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. ते पूर्ण क्षमतेनं चालले तर दिवसाला एक कोटी ऐंशी लाख युनिट वीज होते. त्यासाठी तेरा-साडेतेरा हजार टन कोळसा जाळावा लागतो, म्हणजे तीन-साडेतीन मालगाड्या. आणि मागं उरते चार-पाच हजार टन राख. रोजची!

या राखेनंही धंदा दिला. तिच्या विटा होतात, सिमेंटमध्ये ती जाते. गावाभोवती वीटभट्ट्या उभ्या राहिल्या, ट्रक धावू लागले. पण उघड्या ट्रकमधून उडणारी राख रस्त्यावर, पिकावर आणि माणसांच्या छातीत जाते. जिथं पैसा आहे तिथं त्यावरचा ताबाही आला. परळीच्या राखेचा व्यवहार २०२५ साली राज्यभर चर्चेचा विषय झाला, तो त्यामुळेच.

राखेपेक्षा अवघड हिशेब पाण्याचा. वाफ थंड करायला पाणी लागतं. केंद्र सरकारनं २०१५ साली जुन्या केंद्रांसाठी मर्यादा घातली ती युनिटमागं साडेतीन लिटरची. त्या मापानं तीन संचांना दिवसाला सव्वासहा कोटी लिटर पाणी. आमची तहान गोदावरीवरचा खडका बंधारा भागवतो. २०१३च्या दुष्काळात तो आटला आणि फेब्रुवारीत सगळं केंद्र बंद करावं लागलं. २०१५च्या जुलैत पुन्हा तीच पाळी आली. कायम नोकरीतल्यांचा पगार थांबला नाही, पण कंत्राटी कामगार घरी बसले. मग टपरीवाला, मेसवाला, रिक्षावाला असे एकामागून एक बसत गेले. प्यायला पाणी नसताना विजेला पाणी कुठून मागायचं, या प्रश्नाला परळीतही कुणाकडे उत्तर नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. थर्मलचा धूर ज्या वाड्या-तांड्यांवरून दिसतो, तिथली माणसं दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन, बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये संसार टाकून ऊसतोडीला जातात. जिल्ह्यातून अशी लाखो माणसं बाहेर पडतात. पन्नास वर्षांहून अधिक काळ जिथून राज्याला वीज गेली, तिथल्या माणसाला सहा महिने गाव सोडावं लागावं? मोठा कारखाना आला की भोवतालचं सगळं आपोआप सुधारतं, हे गृहीत धरू नये. कारखाना थोड्यांना कायम नोकरी देतो, पुष्कळांना आशा देतो. बाकीचं काम शाळांनी, पाण्याच्या योजनांनी आणि लहान उद्योगांनी करायचं असतं.

जुने पाचही संच आता निवृत्त झाले आहेत. आजचे तीनही कधीतरी होतील. संचाचं आयुष्य तीस-चाळीस वर्षांचं, गावाचं शेकडो वर्षांचं. म्हणून परळीनं आताच तयारी केली पाहिजे. पन्नास वर्षांत इथं वेल्डर, फिटर, वायरमन, बॉयलरची नाडी ओळखणारे कारागीर तयार झाले. जंक्शन आहे. बीडची नवी रेल्वे परळीपर्यंत आली की पश्चिमेची बाजारपेठ जवळ येईल. राखेच्या विटांचा धंदा झाकलेल्या गाड्यांनी, चोख पावत्यांनी केला तर तोही अब्रूचा धंदा आहे. एका चिमणीकडे बघत बसण्यापेक्षा या दहा लहान गोष्टी धराव्यात. पाळ्यांनी आम्हाला एक शिस्त लावली आहे. पुढची पाळी घेणारा आल्याशिवाय आधीच्यानं जागा सोडायची नाही. थर्मलची पाळी संपायच्या आत ती घेणारं कुणीतरी गावात उभं असलं पाहिजे.