मराकेशच्या चौकातील संध्याकाळ

मोरोक्कोतील मराकेश शहरात प्रथमच आलेल्या प्रवाशाची पहिली संध्याकाळ बहुधा जमा अल्-फना या विस्तीर्ण चौकातच जाते. कारण ऊन उतरू लागताच तेथे खाद्यपदार्थांच्या गाड्या मांडल्या जातात, आणि जुन्या शहराच्या गल्ल्यांत वाट चुकलेल्यास जवळच्या बाराव्या शतकातील कुतुबिया मशिदीचा मनोरा दिशा दाखवतो. हरभरे, मसूर व टोमॅटो यांचे ‘हरिरा’ नावाचे दाट सूप येथे मिळते, तसेच मसालेदार पाण्यात उकडलेल्या गोगलगायीही. शहराचा खास पदार्थ मात्र ‘तंजिया’ होय: मांस, लसूण, जिरे आणि मिठात मुरवलेले लिंबू मातीच्या उभट भांड्यात भरून, त्याचे तोंड कागदाने बांधून, ते हम्माम म्हणजे सार्वजनिक स्नानगृहाच्या भट्टीतील राखेत कित्येक तास ठेवले जाते, त्यामुळे स्नानाचे पाणी तापवणाऱ्या इंधनावरच जेवणही शिजते, आणि ही काटकसर खरोखर दाद देण्याजोगी आहे. श्रोत्यांच्या रिंगणात उभे राहणारे कथेकरी, ज्यांच्या मौखिक परंपरेसह या चौकाला युनेस्कोने २००१ मध्ये मान्यता दिली, आता विरळ झाले असून, त्यांचे निवेदन अरबीत असल्याने परक्या प्रवाशाच्या वाट्याला बहुतांशी गनावा वादकांच्या लोखंडी चिपळ्यांचा ठेकाच येतो.